माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेली जुनी रहस्यमासिकं, यांची मुखपृष्ठं बघायची कशी?

खळ्यातला_झोपाळा:

मंडळी नमस्कार. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज विचारायला आलोय. मे महिन्यात गावी, विजयदुर्गच्या अलीकडे, घर शाकारायला काढलं होतं. कौलं उतरवताना माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली आली. कुलूप इतकं गंजलेलं की शेवटी दगडाने फोडलं. मला वाटलं जुनी भांडी असतील, आईला वाटलं दागिने असतील (कुणाचे, ते तिलाच ठाऊक), आणि निघाली पुस्तकं.

आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी होते, घरात सगळे त्यांना बोटवाले आजोबा म्हणायचे. लग्न केलं नाही, गणपतीला जमलं तर यायचे, येताना मुंबईतनं वाचायला काहीतरी घेऊन यायचे आणि जाताना इथेच टाकून जायचे. तर ट्रंकेत मराठी रहस्यकथांची चाळीसेक बारकी पुस्तकं, बरीचशी बाबुराव अर्नाळकरांची, नवल आणि हंसचे काही अंक, आणि सगळ्यात खाली अकरा अमेरिकन मासिकं! डाइम डिटेक्टिव्ह, ब्लॅक मास्क, एक शॅडो, बाकी दोनतीन नावं मी कधी ऐकलेलीच नाहीत. कुठल्या बंदरात जुन्या बाजारात घेतली असतील देव जाणे.

गंमत म्हणजे झाडून सगळ्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. आई म्हणते हे आजीचं काम, वरच्या बायका पोरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून. कव्हर काढलं आणि आतले रंग बघून मी दोन मिनिटं गप्पच बसलो. पानं पार तपकिरी झाल्येत, हात लावला की तुकडा पडतो, पण मुखपृष्ठ कालच छापल्यासारखं. एकावर पिवळ्याधमक भिंतीसमोर हिरव्या गाऊनमधली बाई वळून बघतेय आणि पडद्यातनं नुसता एक हात आलाय पिस्तुलासकट, बाकी माणूस दिसतच नाही.

आता प्रश्न. मला गोष्टी वाचायच्या नाहीयेत (वाचून बघितली एक, अर्ध्यात सोडली), मला ही चित्रंच बघत बसावंसं वाटतंय पण नक्की काय आवडतंय ते कळत नाही. बायको म्हणते भडक आहे सगळं, सिनेमाच्या पोस्टरसारखं, यात कला कसली. कुणी जाणकार सांगेल का की हे बघायचं कसं, कुणी काढायचं हे, आणि यात खरंच काही आहे की मी उगाच भारावलोय?


निवृत्त_ड्रॉइंगमास्तर:

भारावला असाल तर बरोबर भारावलात. आधी एक करा, मासिक हातात घेऊन बघू नका. पडवीत भिंतीला टेकवून ठेवा आणि दहा पावलं मागे या. ही चित्रं हातात धरून बघायला काढलेलीच नाहीत, स्टॉलवर टांगलेल्या पन्नास मासिकांमधनं रस्त्यावरच्या माणसाची नजर ओढायला काढलेली आहेत. म्हणून तो पिवळा आणि लाल. वहिनींना भडक वाटतंय ते चूक नाही, भडकपणा हेच त्याचं काम होतं, पण त्या भडकपणात रचना किती काटेकोर असते ते बघा.

तुमचंच चित्र घ्या. बाई वळून बघते, म्हणजे तिच्या नजरेबरोबर आपली नजर पडद्याकडे जाते, तिथून हात, हातातून पिस्तूल, आणि पिस्तुलाचं तोंड परत बाईकडे. झालं, नजर आत अडकली, चित्राबाहेर पडायला वाटच नाही. वरचा भाग मोकळा ठेवलेला असणार, तिथे मासिकाचं नाव येतं, चित्रकाराला ती जागा सोडूनच सगळं बसवावं लागतं. आणि खून झालेला क्वचितच दाखवतात, होतोय की काय इथेच थांबतात, कारण पुढचं कळायला गिऱ्हाइकाने दहा सेंट मोजायचे असतात. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणंच.

उजेडाकडेही लक्ष द्या. बहुतेक वेळा खालून किंवा एका कडेने येतो, अर्धा चेहरा उजळ, अर्धा हिरवट काळोखात. आपल्याकडे दशावतारात गॅसबत्ती खाली ठेवून राक्षस यायचा ना, तेव्हा त्याच्या भुवयांच्या सावल्या कपाळावर चढायच्या, तोच प्रकार. मी पोरांना शिकवताना हेच उदाहरण द्यायचो, पुस्तकातलं कुणाला कळायचं नाही पण संकासुर सगळ्यांना कळायचा.

मूळ चित्रं बहुतेक तैलरंगात, कॅनव्हासवर, साधारण २० बाय ३० इंचांची असायची आणि छापली जायची ७ बाय १० इंचांवर. चित्र एवढं आकसलं की सगळं घट्ट होतं, ब्रशचे फटकारे लपतात, म्हणून छापील प्रत मुळाहून जास्त गुळगुळीत वाटते. नॉर्मन सॉन्डर्स, राफाएल डिसोटो, शॅडोसाठी जॉर्ज रोझेन ही मोठी नावं, कोपऱ्यात सही सापडते का बघा. छापून झालं की या कॅनव्हासना कुणी विचारायचं नाही, बहुतेक कचऱ्यात गेले. जे वाचले त्यातले रॉबर्ट लेसर नावाच्या संग्राहकाने जमवलेले २००३ साली ब्रुकलिन म्युझियममध्ये भिंतीवर लागले. म्हणजे कला कसली हा प्रश्न तिथल्या वहिनींनीही पन्नास-साठ वर्षं विचारला असणार.

आणि एक किस्सा. १९३१ साली शॅडो मासिक निघालं तेव्हा प्रकाशकाने पैसे वाचवायला नवीन चित्र काढूनच घेतलं नाही. कपाटात १९१९ सालचं एक जुनं चित्र पडलेलं, त्यात एक चिनी माणूस आणि भिंतीवर सावली होती. सावली आहे ना, मग चालेल. आणि लेखक वॉल्टर गिब्सनला सांगितलं की गोष्टीत आता कुठेतरी चिनी पात्र घाल! आधी चित्र आणि मग त्यावरून गोष्ट हा प्रकार त्या धंद्यात बराच चालायचा. त्यामुळे तुम्ही गोष्ट अर्ध्यात सोडलीत आणि चित्र बघत बसलात यात काही वावगं नाही, कधी कधी गोष्टच चित्रासाठी लिहिलेली असायची.


गजालीवाला_मालवण:

वाचून माका आजोळ आठावला. आमचो मामा अर्नाळकरांची पुस्तकां भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो नि आजो समजायचो झील कायतरी अभ्यास करता. नापास झालो तेव्हा कळला 😄 पण त्या ब्लॅक मास्कचो एक फोटो टाकशात काय हय? नुसता सांगून काय उपयोग.


खिळेजुळारी:

मास्तरांनी चित्राचं सांगितलं, मी छपाईचं सांगतो, ३१ वर्षं प्रेसमध्ये काढल्येत. आधी खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवले, मग ट्रेडल मशीनवर, शेवटी ऑफसेटवर.

घरात भिंग असेल तर घ्या (नसेल तर मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ न्या) आणि मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर त्या बाईच्या गालावर धरा. गाल दिसणारच नाही, ठिपके दिसतील. पिवळे, लाल, निळे. तिरंगी ब्लॉक म्हणजे एका चित्राचे रंगागणिक वेगळे छापायचे ठसे, वरून काळा असेल तर चौथा, आणि कागद तितक्या वेळा मशीनवर घालायचा. पिवळा छापून वाळवायचा, मग लाल, मग निळा. आता तुम्ही कोकणातले आहात म्हणून सांगतो, पावसाळ्यात काय व्हायचं की काल पिवळा मारलेला कागद रात्रीत दमट हवेने फुगायचा, आज त्यावर लाल मारायला गेलं की जुळतच नाही. केसभर सरकलं की ओठांचा लाल हनुवटीवर. मालक ओरडायचा आमच्यावर, आम्ही पावसाला शिव्या घालायचो. तुमच्या चाळीस पुस्तकांत चारपाच तरी अशी निघतील ज्यांत बाईच्या कडेने लाल किंवा निळी किनार दिसते. लोकांना वाटतं चित्रकाराचा हात हलला. चित्रकार बिचारा निर्दोष, ते आमचं पाप आहे.

मला तर ती सरकलेलीच जास्त आवडतात, पण ते माझ्या धंद्यामुळे असेल.

अजून एक, दोनरंगी मुखपृष्ठं वेगळी काढून ठेवा. बजेट कमी असलं की प्रकाशक दोनच ब्लॉक परवडतात म्हणायचा, मग चित्रकार लाल आणि काळ्यातच सगळं भागवायचा, कागदाचा पांढरा हाच तिसरा रंग. चेहऱ्याचा उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद! तिथे खरी अक्कल दिसते, चार रंग हाताशी असले की कुणीही करेल. अमेरिकन अंकांना ती चणचण नव्हती, आतला कागद लाकडाच्या लगद्याचा, सगळ्यात स्वस्त, आणि बाहेरचं कव्हर मात्र गुळगुळीत चकचकीत कागदावर रंगीत. म्हणून तुमची पानं तपकिरी आणि कव्हर ताजं. लगद्यातलं लिग्निन, म्हणजे लाकूड घट्ट धरणारं द्रव्य, काढलेलं नसतं, ते पिवळं पडतं आणि आम्ल कागदाला आतून खातं. असल्या मासिकांना पल्प म्हणतात, ते नावच त्या लगद्याच्या कागदावरून पडलंय.


घाटावरची_सून:

सासर गुहागर, म्हणून हे नाव. मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. रचना छान, उजेड छान, सगळं कबूल, पण या अकरा मासिकांवर बाई काय काय करतेय ते एकदा मोजाल का? माझा अंदाज, बांधलेली, किंचाळणारी, बेशुद्ध, नाहीतर फाटक्या कपड्यात. पिस्तूल बाईच्या हातात असलेलं एखादं निघेल. त्या काळात स्पायसी नाव लावून वेगळी मासिकंच निघायची, १९३४ पासून स्पायसी डिटेक्टिव्ह, त्यांची कव्हरं बघितली तर तुमच्या आजींनी वर्तमानपत्र का गुंडाळलं ते कळेल. आजी काही अगदीच चुकीच्या नव्हत्या.

पण हेही सांगते की असलं काढणारे सगळे पुरुष नव्हते. वीअर्ड टेल्स नावाचं मासिक होतं, रहस्यापेक्षा भुताखेतांचं जास्त, त्याची तीसच्या दशकातली बरीच मुखपृष्ठं मार्गारेट ब्रंडेज या शिकागोच्या बाईने काढली. तैलरंग नाही, पेस्टल खडू! एका चित्राचे ९० डॉलर मिळायचे. सही एम. ब्रंडेज अशी, त्यामुळे वाचकांना कितीतरी दिवस पत्ताच नाही की हे बाईचं काम आहे. आणि तिची चित्रं सगळ्यात जास्त उघडीवाघडी, त्यावरून मासिकात पत्रव्यवहार पेटायचा. संपादकीय ऑफिस न्यूयॉर्कला गेलं तेव्हा खडूची चित्रं तिथवर पाठवायची कशी हीच पंचाईत, हात लागला की पुसतात. पदरात मुलगा, घर त्यावर चालायचं. मला ती चित्रं आवडतात का? काही आवडतात. पण कुणी काढली आणि का काढली हे कळल्यावर ती मला आधीसारखी दिसत नाहीत एवढं खरं.

मराठी पुस्तकांवरच्या बायका मला जास्त रंजक वाटतात. साडी नेसलेली, केस बॉबकट, हातात पर्स आणि पर्समध्ये पिस्तूल असणार असा चेहरा. आमच्या सासूबाई म्हणतात तसल्या बायका त्यांनी उभ्या जन्मात बघितल्या नाहीत, ना गुहागरात ना गिरगावात. कुठून आल्या मग?


खळ्यातला_झोपाळा:

बापरे, एवढं उत्तर येईल वाटलं नव्हतं. ताई, मोजलं. अकरापैकी सहा संकटात, दोन बेशुद्ध (किंवा मेलेल्या, कळत नाही), एकीच्या हातात पिस्तूल, दोन अंकांवर बाईच नाही. तुमचा अंदाज जवळपास बरोबर.

खिळेजुळारी काका, लाल किनारवाली सात सापडली!! आणि एक दोनरंगी, लाल-काळं, टोपीखालचा चेहरा नुसता कोरा कागद आणि दोन काळे फटकारे, पण माणूस आपल्याकडेच बघतोय. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली हे मात्र चांगलंय. फोटो रविवारी टाकतो, गावात नेट म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. मधल्या काळात एक सांगा, तालुक्याला एक जण सगळी मुखपृष्ठं लॅमिनेट करून देतो म्हणतोय, करू का? पाऊस तोंडावर आलाय, घरात कसर आहेच.


खिळेजुळारी:

नको नको नको. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिकमध्ये कायमचं पुरणं, परत निघत नाही. सेलोटेपसुद्धा नको, दहा वर्षांनी त्याचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. आणि आजीने घातलेली वर्तमानपत्रं आता काढून टाका. त्यांनी उजेड अडवला म्हणून रंग टिकले, मान्य, पण ते कागदही आम्लाचेच. (फेकू नका मात्र, तारखा वाचा, कुठलं पुस्तक घरात कधी आलं त्याचा अंदाज लागेल.)


मास्तरांची_मुलगी:

बाबांच्या अकाउंटला लॉगिन होत नाहीये म्हणून माझ्यावरून, मी वाचनालयात काम करते त्यामुळे हे मीच लिहिते. आधी सगळ्यांचे फोटो काढून घ्या, ढगाळ दिवशी ओटीवर, फ्लॅश न मारता. कसर लागलेली पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं. खळ्यात उन्हात वाळत घालायचा मोह होईल, आमसुलं नाहीत ती, रंग उडतात. पीव्हीसीच्या फायली नकोत, पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या मिळतात त्या घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा, डब्यात सिलिका जेल. आणि परत माळ्यावर ठेवू नका, कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी असते आणि पावसात गळती. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट बरं, पण भिंतीला चिकटून नको. आमच्याकडे लोक कडुनिंबाचा पाला ठेवतात, ठेवा, पण वाळलेला, ओला ठेवून बुरशी आलेली पुस्तकंही मी बघितल्येत.

ताईंच्या प्रश्नावर बाबा म्हणतात, तसल्या बायका मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतनं आणि हॉलिवूडच्या पोस्टरवरनं आल्या, आणि झोपाळा यांना विचार की मराठी पुस्तकांवर सही कुणाची आहे.


खळ्यातला_झोपाळा:

बऱ्याच जणांवर सहीच नाही. पण निदान दहाबारा पुस्तकांवर कोपऱ्यात मुळगांवकर असं आहे, देवनागरीत. एका अंकावर दलाल.


निवृत्त_ड्रॉइंगमास्तर:

आलो परत, पासवर्ड सापडला.

मला हेच हवं होतं. रघुवीर मुळगांवकर. मूळचे गोव्याचे, बार्देशातले, जन्म १९१८ चा, गेले १९७६ ला. दीनानाथ दलाल मडगावचे, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. म्हणजे मराठी मासिकांचा आणि दिवाळी अंकांचा चेहरा ज्या दोघांनी घडवला ते दोघेही आपल्या किनाऱ्यावरचे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. दलालांची रेषा जोरकस, चार रेषांत माणूस उभा. मुळगांवकरांचं मऊ, त्वचा अशी की बोट लावलं तर उबदार लागेल. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड पोरांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले त्यात मुळगांवकरांचा वाटा फार मोठा. लेखक पान पान वर्णन करणार, आणि पोरगं मात्र मुखपृष्ठावरचाच झुंजार डोक्यात धरून वाचणार.

आता खरी गंमत. मुळगांवकरांनी देवांची चित्रं किती काढली याला गणती नाही. लक्ष्मी, दत्त, राम, कृष्ण, कॅलेंडरवर छापून घरोघर गेले. तुमच्या घरात एखादं जुनं देवाचं कॅलेंडर फ्रेम करून लावलेलं असेल तर उजवा-डावा खालचा कोपरा बघा जरा. आणि त्या लक्ष्मीचे डोळे आणि रहस्यकथेवरच्या बाईचे डोळे शेजारी ठेवून बघा. ताई, बाई कुठून आली त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. हॉलिवूडचा गाऊन उतरवून साडी नेसवली हे खरं, पण चेहरा त्यांनी देव्हाऱ्यातून आणला.


घाटावरची_सून:

मास्तर, हे मला पटत नाहीये आणि तरी डोक्यातून जात नाहीये. एकाच हाताने लक्ष्मी आणि एकाच हाताने पर्सवाली. आमच्याकडे एक दत्ताचं आहे, काच पुसून बघते.


गजालीवाला_मालवण:

आमच्याकडे राम आसा, पण सहीच्या जागेर मामाने लायटीचो बोर्ड बसवलो.


खळ्यातला_झोपाळा:

रविवारचा रिपोर्ट. फोटो अपलोड होत नाहीयेत, तीनदा प्रयत्न केला, रत्नागिरीला गेलो की टाकतो.

देवघराशेजारी आमच्या जन्माआधीपासून एक लक्ष्मी आहे, कॅलेंडर कापून फ्रेम केलेलं, काचेवर धुराचा थर. आई दुपारी झोपली तेव्हा हळूच उतरवलं. खालचा कोपरा हळदीकुंकवाने पार माखलेला, ओल्या फडक्याने काच पुसली तरी काही दिसेना, कुंकू काचेच्या आत गेलेलं. मागचे बारके खिळे काढले, कागद बाहेर घेतला, सुक्या ब्रशने झाडलं, तर मु आणि ळ दिसले. पुढचं वाळवीने खाल्लंय.

मग ओटीवर लक्ष्मी ठेवली आणि शेजारी एक रहस्यकथा ठेवली, जिच्यावर ती बाई जिन्यावरून खाली बघतेय. मास्तर, डोळे तेच आहेत. पापणीची वरची रेघ, ती शेवटी किंचित वर जाते ना, तश्शीच. बायकोला बोलावलं, ती वाकून बघत बसली, काही बोलली नाही.

तेवढ्यात आई उठून आली. तिने आधी लक्ष्मीकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग ट्रंकेकडे, आणि म्हणाली, "ती बया उचल आधी लक्ष्मीच्या शेजारून." उचलली. लक्ष्मी परत भिंतीवर लावली तर म्हणाली काच साफ केलीस ते बरं केलंस. आणि रात्री जेवताना आपणहून विचारलं, ती जिन्यावरची पुढे मरते का रे?

मी गोष्ट वाचलेली नाही. आता वाचावी लागणार, शेवटची चार पानं कसरीने खाल्ल्येत.